कापायचं ते खालून

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर कात्रीबाई, पाठीमागे नुसती कात्री. तिने ते कधी मनावर घेतलं नाही, कारण नाव शोभण्यासारखंच होतं. आरोग्य पुरवणीची पानं ती लावायची आणि पानावरची जागा नेहमी लेखापेक्षा कमीच असायची. लिहिणारे हात सैल सोडून लिहीत, जाहिरातवाले ऐन वेळी येऊन ठाण मांडत, आणि मग कात्रीचं काम सुरू होई. या कामाचा एकच नियम होता. तिच्या आधीच्या माणसाने तो तिला शिकवला होता, त्याला त्याच्या आधीच्याने: कापायचं ते खालून. महत्त्वाचं सगळं वर असतं, खाली जाल तसं पाणी वाढत जातं. शेवटचा परिच्छेद उडवला तरी लेखाला ओरखडासुद्धा उठत नाही. बातमीच्या बाबतीत हे सोळा आणे खरं होतं, आणि जे बातमीला लागू ते लेखालाही लागू, असं धरूनच सगळे चालत होते.

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. वजनावर खात्याचा शिक्का असेल तर वजन खरं, नसेल तर जप्त, मधलं काही नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी हाच न्याय छापील अक्षराला लावला. छापलं म्हणजे कोणीतरी तोलून पाहिलं आणि शिक्का मारला. फोनवर येणाऱ्या मजकुरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, टीव्हीवरच्या बडबडीवर तर मुळीच नाही. पेपर मात्र पेपर. त्यातून तो लेकीचा.

"आमच्या पेपरात चूक होत नाही," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "माझी मुलगी बसलीय तिथे."

हे कानावर आलं की कात्री खाली मान घालून हसायची. तिलाही ते मनातून आवडायचं, खोटं कशाला बोला?

तर त्या पुरवणीत एकदा मिठावरचा लेख आला. लिहिणारे डॉक्टर नेहमीचेच, दर पंधरवड्याला लिहिणारे, जरा लांबण लावणारे. साध्या मिठाने रक्तदाब वाढतो, त्याऐवजी आता दुसऱ्या प्रकारचं मीठ मिळतं, त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, चवीत फारसा फरक नाही, हृदयाला बरं, असा लेखाचा सारांश. कात्रीने मथळा दिला, 'जिभेला फसवा, हृदयाला वाचवा!' पान झकास झालं. संपादकांनीसुद्धा मान डोलावली, आणि ती मान सहजासहजी डोलत नसे.

बाबांचा रक्तदाब जुना होता. गोळी चालू होती आणि घरच्या डॉक्टरांनी "मीठ कमी करा" म्हणून कधीच बजावलं होतं. पण डॉक्टर तोंडी बोलले होते, इथे छापून आलं. बाबांनी त्याच दिवशी जुन्या मिठाची बरणी रिकामी केली आणि नव्या मिठाचं पाकीट आणलं. निरीक्षकाचा स्वभाव, अर्धवट काही करायचं नाही. आधी ते जेवणात मीठ मोजून घ्यायचे. आता हृदयाला बरं म्हटल्यावर मोजायचं कशाला? काकडीवर मीठ, उकडलेल्या अंड्यावर मीठ, ताकात मीठ. टेबलावरची मिठाची बाटली औषधाच्या बाटलीशेजारी जाऊन बसली आणि थोड्याच दिवसांत तिच्यापेक्षा मानाची झाली.

कात्रीला कौतुकच वाटलं. आपण लावलेल्या पानाने आपल्या घरात फरक पडतोय, याहून काय हवं?

मग एकदा जिना चढताना बाबा मधल्या वळणावर थांबले. कठड्याला धरून उभे राहिले आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. पाय आपले नसल्यासारखे वाटतायत."

वय झालं, ती म्हणाली. तेही वय झालं म्हणाले. पण चार दिवसांनी त्यांना आंघोळीच्या स्टुलावरून उठवेना. छातीत मध्येच एक ठोका चुकतो आणि मागून दोन एकदम येतात, असंही बोलता बोलता सांगून गेले, जणू शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी.

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"कशाला? मीठ बदललंय ना, शरीर जुळवून घेतंय. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडायला वेळ लागणारच."

"असं कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? अक्कल आहे की. आणि इतकी शंका असेल तर तुझ्या पेपरात बघ."

आता गंमत बघा. ज्या बाईने ते पान स्वतःच्या हाताने लावलं, ती पान काढून खरंच बघायला बसली. लेख तिने पहिल्या ओळीपासून वाचला. सगळं सरळ होतं. धोका हा शब्दच कुठे नव्हता. म्हणजे मीठ नाही, मग गोळी? गोळीने पाय जड होत असतील का? तिने फोन उघडला. एका ठिकाणी लिहिलं होतं, या गोळ्यांनी पाय सुजतात. दुसरीकडे, या गोळ्या बंद करणं सर्वांत घातक. तिसऱ्याने दोन्ही लिहून शेवटी घाण्याचं तेल विकायला ठेवलं होतं. एक म्हणे सकाळी चाला, एक म्हणे हृदयाचे ठोके चुकत असतील तर पाऊलही उचलू नका. अर्ध्या तासात तिची मती इतकी गुंग झाली की तिच्याच छातीत धडधडायला लागलं.

मग तिने नुसत्या मिठाचं शोधायला घेतलं. तिथे मात्र सगळ्यांचं एकमत! एका संकेतस्थळावर त्या मिठाचे गुणगान. दुसऱ्यावर तेच, शिवाय 'परदेशातील संशोधकांचा निर्वाळा' असा वर टिळा. एवढ्यात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. जगातली सगळी रोगराई आणि तिच्यावरचे सगळे उतारे तिच्या फोनवर मुक्कामाला असत.

"अगं, दादाला बरं नाही म्हणे? मीठ बदललं का त्याने? नसेल तर बदलायला सांग. मी तुला पाठवलंय बघ, मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं आहे."

"बदललंय आत्या, कधीच."

"मग वाढव म्हणावं. आत्ता टीव्हीवरसुद्धा तेच चाललंय, लाव लवकर!"

तिने लावला. पांढरा कोट घातलेली एक बाई मिठाचं पाकीट हातात धरून हसत होती. पाचांमुखी परमेश्वर, कात्रीला वाटलं. पेपर सांगतो, संशोधक सांगतात, इस्पितळातले डॉक्टर सांगतात, टीव्ही सांगतो, तर आपण कोण शंका घेणार? तिच्या मनावरचं ओझं उतरलं. उद्या डॉक्टरांना गोळीचं तेवढं विचारू, असं ठरवून ती टीव्ही बंद करायला उठली. तेवढ्यात पांढऱ्या कोटातल्या बाईने बोट उंचावलं आणि म्हणाली, "लक्षात ठेवा, जिभेला फसवा, हृदयाला वाचवा!"

कात्री उभ्याची खाली बसली.

तिने आत्याने पाठवलेलं उघडलं. शेवटची ओळ, जिभेला फसवा, हृदयाला वाचवा. ते संशोधकवालं संकेतस्थळ उघडलं. तिथेही तेच, उद्गारचिन्हासकट. हे वाक्य कुठल्या संशोधकाचं नव्हतं. ते तिचं होतं. डॉक्टरांनी दिलेला मथळा मिळमिळीत होता म्हणून कचेरीतल्या चहाच्या यंत्रापाशी पेला भरेपर्यंत तिने ते जुळवलं होतं. तिचंच पान गावभर फिरून, अंगावर नवे कपडे चढवून तिच्याच घरी पाहुणं म्हणून आलं होतं. आणि ती त्याला विचारत होती, काय हो, खरं ना? तोंडं पाच होती, पण जीभ एकच होती, आणि ती हिची.

मग लेख तरी खरा का? तो खराच असणार, डॉक्टरांनी लिहिलेला. की नाही? तिला काही सुधरेना. शेवटी तिने लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं, बाबांचे पाय, ठोके, मीठ.

"रक्तदाबाची गोळी कुठली आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने नाव वाचून दाखवलं.

"आणि वर हे मीठ खातायत? किती?"

"भरपूर. तुमचा लेख वाचून."

"माझा लेख वाचून?" डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो, मी स्पष्ट लिहिलंय की ज्यांची किडनी दुबळी आहे किंवा ज्यांना रक्तदाबाच्या अशा गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात धरू नये. या गोळ्या पोटॅशियम अंगात साठवून ठेवतात. वरून हे मीठ म्हणजे भरलेल्या पिंपात नळ सोडल्यासारखं. हृदय बंद पडू शकतं."

"असं लेखात नाहीये, डॉक्टर. मी आत्ताच वाचला."

"शेवटचा परिच्छेद वाचलात?"

कात्रीच्या डोळ्यांपुढे ते पान आलं. उजव्या कोपऱ्यात खाली चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती. ती संध्याकाळी उशिरा आली होती. एक गोरीगोमटी बाई, डोळ्यांवर चष्मा, आणि खाली लिहिलेलं, 'आता सारं स्पष्ट दिसेल'. त्या बाईला बसायला जागा हवी होती. जागा कुठून केली, ते तिला आठवत नव्हतं. आठवायची गरजही नव्हती. नियमच होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तो मी कापला."

"बाबांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या," डॉक्टर म्हणाले. "माझ्याशी नंतर बोला."

रक्त तपासलं. पोटॅशियम इतकं चढलेलं की अहवाल घेऊन आलेली परिचारिका चालत नव्हती, पळत होती. बाबांच्या छातीला तारा लावल्या, हाताला सलाइन लावलं. कात्री बाहेरच्या बाकावर बसून राहिली. देवाला काय सांगावं तेही तिला सुचेना. नवस बोलायला तोंड लागतं, आणि आपल्या तोंडाचा तिने एवढा धसका घेतला होता की ओठ उघडेनात. बाप आपल्या हाताने गेला असता, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि त्यातून काही म्हणता काही कापता येत नव्हतं.

बाबा वाचले. गोळी बदलली, मीठ बंद झालं, पाय पुन्हा आपले वाटू लागले. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी टेबलावर नजर फिरवली.

"माझं मीठ कुठे गेलं?"

"फेकलं."

"का?"

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलं ना? त्यानेच झालं सगळं."

"डॉक्टर काय, बोलतात. त्यांनी गोळी बदलली ना? म्हणजे गोळीच चुकीची होती. आपली चूक झाकायला मिठावर ढकललं."

"लेखात शेवटी लिहिलं होतं, तो भाग मी कापला. मी, बाबा. जागा नव्हती म्हणून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "घाबरलीस तू," ते म्हणाले. "माझ्या काळजीने काहीही अंगावर ओढून घेतेस. छापून आलंय का कुठे, हे मीठ खाऊ नका म्हणून?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि नवं पाकीट घेऊन आले. तिने तेही फेकलं. त्यांनी तिसरं आणलं आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. पोटच्या मुलीचं त्यांना पटेना, कारण ती नुसती बोलत होती. ती रडली, हात जोडले, वाट्टेल ते बोलली. आत्या आली आणि दोघांनाही बरोबर म्हणून गेली.

कात्री संपादकांच्या खोलीत गेली. संपादक चांगले होते, पण त्यांना तर्काची फार हौस होती.

"दुरुस्ती छापायचीय," ती म्हणाली. सगळं सांगितलं.

ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. बाबांची चौकशी त्यांनी मनापासून केली. मग लेख पुढ्यात घेऊन म्हणाले, "कात्रीबाई, यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?"

तिने वाचलं. "नाही."

"मग दुरुस्ती कशाची करायची? जे छापलंच नाही, त्याची?"

वाक्यं सगळी खरी होती, ती एकेक तपासून बघत होती. एकाला एक जोडून झालेला लेख मात्र बाबांना मारायला निघाला होता. हे कुठल्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं? ती दारापर्यंत गेली, परत आली.

"सर, माझे वडील ते मीठ कुलपात ठेवून खातायत. छापून येईपर्यंत खाणार आहेत. असे आणखी किती जण असतील मला माहीत नाही. तुम्ही मला तर्क विचारू नका. मला पानाचा वरचा भाग द्या."

"खाली, चौकटीत देऊ," संपादक म्हणाले.

"खालचं मी कापते, सर. मला माहीत आहे खालच्याचं काय होतं."

संपादकांनी पानाच्या आराखड्यावर वरच्या भागात पेन्सिलने चौकोन आखला. मग म्हणाले, "लिहा."

तिने लिहिलं. यमक नाही, उद्गारचिन्ह नाही. हे मीठ कोणकोणी खाऊ नये, ते पहिल्याच ओळीत. आम्ही हे मागच्या लेखातून वगळलं, ती आमची चूक, ते दुसऱ्या. पुरवणी निघाली त्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. बाबांनी पेपर उघडला, चष्मा पुसला, वाचलं. उठले, कपाटाचं कुलूप काढलं, पाकीट आणून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"बघ," ते म्हणाले, "आलंय पेपरात. हे मीठ आपल्याला चालत नाही."

तिला हसावं का रडावं ते कळेना. "बाबा, मी इतके दिवस काय सांगत होते?"

"तू सांगत होतीस गं. पण हे छापलंय."

"मीच लिहिलंय ते. त्याच टेबलावर बसून, ज्या टेबलावर आधीचं कापलं. तोच हात आहे, बाबा, हा बघा. कोणी तोलत नाही, कोणी शिक्का मारत नाही. मी असते, घाई असते, आणि चष्म्याची जाहिरात असते."

बाबांनी खरंच तिच्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा पेपरकडे. पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला, सावकाश, आणि त्यांचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. भर बाजारात मुलाचा हात सुटावा आणि मूल कावरंबावरं होऊन माणसांचे नुसते पाय बघत राहावं, तसा.

"म्हणजे शिक्का नाहीच?"

"नाही."

"आम्ही शिक्क्याची वजनंसुद्धा दरवर्षी परत तोलायचो," ते म्हणाले. "झिजतात म्हणून. मी हे विसरलो कसा?" त्यांनी नव्या गोळीचं खोकं उचललं, उलटसुलट केलं. "आणि ही? हिच्यावरही छापलंय. हे कोणी छापलं?"

"कंपनीने."

"आणि कापलं कोणी?"

गोळी बरोबर असेल, डॉक्टरांनी नीट बघूनच दिली असेल. असेलच, असं ती आता कशाच्याच बाबतीत म्हणू शकत नव्हती. तिने खोक्यातला घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, दोन्ही बाजूंना. तिने कागद उलटा केला आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी वाचते, बाबा. खालून सुरू करते. जे कळणार नाही त्यावर खूण करू आणि उद्या डॉक्टरांना विचारू."

बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मोठ्याने वाच," ते म्हणाले, "आणि काही गाळू नकोस."